'क्यूसी पास' म्हणजे नेमकं काय हो?

गेल्या महिन्यात घरी नवा डेस्कटॉप घेतला. माझ्यासाठी नाही, बाबांसाठी. बाबा आमच्या सोसायटीचे खजिनदार आहेत (सलग चौथ्यांदा, कारण दुसरं कुणी ते काम गळ्यात घेत नाही) आणि ६४ फ्लॅट्सच्या मेंटेनन्सचा हिशोब त्यांचा अकरा वर्षांचा खटारा कसाबसा ओढत होता. शेवटी मीच म्हटलं, पुरे आता, नवा घेऊ.

इंजिनिअरिंगला असताना मी मित्रांना मशीन्स असेंबल करून द्यायचो. तपकीर गल्लीत सुटे पार्ट घ्यायचे, दुकानदाराशी दोनशे रुपयांवरून अर्धा तास हुज्जत घालायची, आणि तो म्हणायचा, "आज नेऊ नका, रात्रभर चालू ठेवतो, उद्या संध्याकाळी या." तेव्हा वैताग यायचा. माणूस पैसे मोजून बसलाय आणि हा उद्या या म्हणतो! पण आता नोकरी, ट्रॅफिक आणि ईएमआय यातून वेळ कुणाला आहे? म्हणून यावेळी सरळ तयार ब्रँडेड मशीन मागवलं. ब्रँड कुठला ते विचारू नका. तो मुद्दा नाही, आणि दुसरा घेतला असता तर काही वेगळं झालं असतं असंही मला वाटत नाही.

खरं सांगतो, पहिलं दर्शन झकास होतं. जाडजूड खोका, आत साच्यात घडवलेला फोम, त्यात काळ्या मखमली पिशवीत गुंडाळलेलं कॅबिनेट. 'आमच्या परिवारात स्वागत आहे' असं छापलेलं कार्ड. काचेवरची प्लॅस्टिकची फिल्म सर्रकन ओढून काढायची ती मजा तर वेगळीच. बटण दाबलं की पंखे निळे-जांभळे उजळतात. मी व्हिडिओही काढला, फॅमिली ग्रुपवर टाकला, आत्याने तीन अंगठे पाठवले. मागच्या बाजूला एक हिरवा गोल स्टिकर होता: 'क्यूसी पास', आणि त्यावर पेनने एक टिकमार्क.

बाबांनी चष्मा लावला, स्टिकर जवळून पाहिला आणि विचारलं, "काय तपासलं?"

"म्हणजे?"

"पास म्हणतायत ना? मग रीडिंग कुठंय?"

इथे सांगायला हवं की बाबांनी ३१ वर्षं भोसरीतल्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला काढली आहेत. व्हर्नियर, मायक्रोमीटर, गो-नो गो गेज हे शब्द मी बाराखडीच्या आधी शिकलो. त्यांच्या जगात 'पास' हा शब्द एकटा कधी येत नाही. ड्रॉइंगवरचं माप, टॉलरन्स, प्रत्यक्ष आलेलं माप, कुठल्या गेजने मोजलं त्या गेजचा नंबर, आणि खाली सही. उद्या गिऱ्हाइकाकडे पीस फुटला तर कुणाला धरायचं ते त्या कागदावर लिहिलेलं असतं. मी हसलो. म्हटलं, अहो बाबा, हा काही बेअरिंगचा लॉट नाहीये.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात ना? मोजून नवव्या दिवशी एक्सेल अचानक बंद पडलं. मग दोनदा निळा स्क्रीन. बदली करून द्यायची मुदत सात दिवसांची होती, हे वेगळं सांगायला नको. मी आपला ड्रायव्हर अपडेट कर, विंडोज अपडेट कर, असे नेहमीचे देवधर्म केले. तेवढ्यात आईने हाक मारली. जुन्या हार्डडिस्कवरून नव्या मशीनवर घेतलेले फोटो ती बघत होती. आजीच्या पंचाहत्तरीचा एक फोटो, आजी अर्धी नीट, आणि गळ्याखालचा सगळा भाग हिरवट-करडा. पुढचे चार नीट, मग आणखी एक तसाच.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. मेमटेस्ट८६+ नावाचा एक फुकट प्रोग्रॅम आहे, पेनड्राइव्हवर टाकायचा आणि त्यावरून मशीन चालू करायचं. तो मेमरीच्या प्रत्येक कोपऱ्यात काहीतरी लिहितो, परत वाचतो आणि लिहिलेलं तसंच आहे का ते पाहतो. दहा मिनिटांत स्क्रीनवर लाल ओळी. दरवेळी तोच एक बिट. रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एक काढली, लाल ओळी गेल्या. तीच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये एकटी लावली, परत हजर. मग जुन्या डिस्कवरच्या आणि नव्या मशीनवरच्या फाइल्सचे चेकसम ताडून पाहिले. नऊ हजारांवर फाइल्सपैकी अकरा जुळत नव्हत्या. अकराच! पण यातली मेख अशी की एकाही फाइलने कॉपी होताना चूं केलं नव्हतं. साध्या डेस्कटॉपच्या रॅममध्ये सर्व्हरसारखी चुका पकडणारी ईसीसी सोय नसते. बिट उलटला तर उलटला. फोटोत तो डोळ्याला दिसला. मेमरीत उघड्या असलेल्या हिशोबात एखादा आकडा तसाच उलटला असता, तर तो वार्षिक सभेत कुणीतरी तावातावाने उभं राहीपर्यंत दिसला नसता.

फोटो वाचले ते बाबांमुळे. "जुनी डिस्क फॉरमॅट करून टाकू का?" असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. त्यांनी सांगितलं, "नव्याची खात्री पटल्याशिवाय जुनं मोडीत काढायचं नाही." सॉफ्टवेअरमधली सहा वर्षं माझी, बॅकअपची अक्कल त्यांची.

मग मीही इरेला पेटलो, म्हटलं आता सगळंच तपासू. रॅमच्या पट्टीवर आणि खोक्यावर छापलंय ३२००, प्रत्यक्षात चालते २६६६ वर. कारण बायॉसमध्ये एक सेटिंग चालू करावं लागतं, ते कारखान्यात कुणी केलंच नाही. तीस सेकंदांचं काम! म्हणजे गाडी घ्यायची आणि शोरूमवाल्याने टॉप गिअर बंद करून चावी हातात द्यायची, आणि वर पेढाही द्यायचा. मागच्या पंख्याची वायर आत इतकी सैल सोडलेली की ती पात्याला लागत होती. ही वायर तर डोळ्यांनी दिसते. काचेतून दिसते! जी काच त्यांनी फिल्म लावून, पुसून, मखमलीत गुंडाळून पाठवली त्याच काचेतून.

माझं भांडण या रॅमच्या पट्टीशी नाहीच. रॅम खराब निघते. चिप बनवणं हा निसर्गाशी केलेला सट्टा आहे, काही खराब निघणारच. इंजिनिअरिंगला रिलायबिलिटी शिकवताना तो बाथटब कर्व्ह काढतात, आठवतो? सुरुवातीला बिघाड जास्त, मग बरीच वर्षं सपाट, शेवटी पुन्हा वर. त्या सुरुवातीच्या चढासाठीच तर बर्न-इन नावाचा प्रकार काढला: माल गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी काही तास रगडायचा, जे मरायचं ते आपल्याच छपराखाली मरू दे. तपकीर गल्लीतला तो दुकानदार रात्रभर हेच करत होता. भांडण आहे ते त्या टिकमार्कशी. माझ्या मशीनचं 'क्यूसी' म्हणजे बटण दाबलं, विंडोज दिसलं, टिक. उरलेली तपासणी मी केली. फुकट. सुट्टीच्या दिवशी. तीही माझ्या आजीच्या फोटोंवर.

यावर उत्तर ठरलेलं असतं: प्रत्येक नग तपासणं परवडत नाही, नमुना तपासणी असते. बरं. बाबांना हे तक्ते अजून पाठ आहेत. आयएसओ २८५९, आपल्याकडे आयएस २५००. ५०१ ते १२०० नगांचा लॉट असेल तर सर्वसाधारण पातळीला ८० नग काढायचे. एक्यूएल १.० ठरलं असेल तर त्यात दोन खराब निघेपर्यंत लॉट पास, तीन निघाले की नापास. बाबा म्हणतात, यात काही लबाडी नाही, कारण घेणारा आणि देणारा दोघांनी तो आकडा आधी मान्य केलेला असतो. मला कुणी आकडा सांगितला? आणि नमुना तपासणी लॉटबद्दल बोलते, माझ्या टेबलावरच्या नगाबद्दल नाही. तो हिरवा स्टिकर मात्र माझ्याच नगावर चिकटवलाय.

परवडत नाही म्हणता? मेमरी तपासायला माणूस समोर बसावा लागत नाही. ऑफिसचं मशीन १०० वॅट घेतं असं धरा, दहा तास चालवलं तर एक युनिट वीज. मांडणीवर पन्नास मशीन्स रात्रभर लावायची आणि सकाळी लाल ओळी कुठे आहेत ते बघायचं. ती मखमली पिशवी एका युनिटपेक्षा नक्कीच महाग असेल. म्हणजे पैसे होतेच, ते पहिल्या दर्शनावर लावले. कारण पहिलं दर्शन व्हिडिओत दिसतं, आणि रॅममधला उलटा बिट दिसत नाही. आणि हे त्यांना कुणी शिकवलं? आम्हीच. आत्याचे तीन अंगठे मिळवून देणाऱ्यांनी.

मोठ्यांच्या घरीही काही वेगळं नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत एनव्हिडियाच्या नव्याकोऱ्या आरटीएक्स ५०९० कार्डांपैकी काहींमध्ये १७६ ऐवजी १६८ च रेंडर युनिट्स निघाली. पकडलं कुणी? विकत घेणाऱ्यांनी, जीपीयू-झेड नावाच्या फुकट प्रोग्रॅमने. कंपनीने सांगितलं की अर्ध्या टक्क्याहून कमी कार्डांत असं झालंय, वेग सरासरी ४ टक्के कमी पडतो, बदलून देऊ. देतील, दिलीही असतील. पण जो आकडा एक फुकटा प्रोग्रॅम दोन सेकंदांत दाखवतो, तो इतक्या महागड्या कार्डाच्या वाटेवर एकाही चौकीवर कुणी वाचला नाही? २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसर्सचं तसंच. जास्त व्होल्टेजमुळे चिप हळूहळू खराब होत होती आणि गेममध्ये मेसेज यायचा की ग्राफिक्सची मेमरी संपली. लोक बिचारे ग्राफिक्स कार्डाला शिव्या देत बसले. ऑगस्टमध्ये दुरुस्तीचा मायक्रोकोड आला, वॉरंटी दोन वर्षं वाढवली, पण झालेलं नुकसान काही मायक्रोकोडने भरून येत नाही.

याच इंटेलने २०११ च्या जानेवारीत काय केलं होतं बघा. नवा चिपसेट बाजारात येऊन तीनच आठवडे झालेले. त्यातले काही साटा पोर्ट कालांतराने कमजोर होतील असं लक्षात आलं. ३१ जानेवारीला त्यांनी स्वतः जाहीर केलं आणि माल पाठवणं थांबवलं. दुरुस्ती आणि बदलीचा अंदाज होता ७० कोटी डॉलर. म्हणजे ठरवलं तर करता येतं.

आता स्वतःच्या पायाखालीही बघायला हवं. 'आधी पाठवा, मग पॅच करू' हा रोग हार्डवेअरला लागला तो आमच्या धंद्यातून. गेल्या वर्षी एका रिलीजच्या आधी दोन टेस्ट केसेस अडत होत्या. शुक्रवार संध्याकाळ होती. मी स्वतः त्या 'नॉन-ब्लॉकर' म्हणून बाजूला टाकल्या आणि शीटवर ९८ टक्के पास लिहिलं. मॅनेजर खूश, मी घरी. सोमवारी त्यातलीच एक चूक क्लायंटच्या माणसाला सापडली. बिचाऱ्याने सविस्तर मेल लिहिला, स्क्रीनशॉटसकट. त्याचाही वीकेंड असाच गेला असणार. तो टिकमार्क मारणारा कारखान्यातला पोरगा आणि मी यात फरक एवढाच की मला पगार जास्त आहे.

कायद्याचं म्हणाल तर पॉवर सप्लायवर बीआयएसचा नोंदणी क्रमांक आहे, पण तो सुरक्षिततेचा. शॉक बसणार नाही, आग लागणार नाही, इतपत. रॅम बरी आहे का, हे तो सांगत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही, हे माहीत असू द्या. पण एका पट्टीसाठी आयोगाकडे कोण जातो, हे त्यांनाही माहीत आहे. म्हणून माझी मागणी साधी आहे. स्टिकर नको, रीडिंग द्या. मेमरी किती तास तपासली, चुका किती, लोडवर प्रोसेसरचं तापमान किती गेलं, रॅम कुठल्या वेगाने चालली, आणि नगाचा सीरियल नंबर. स्वागताच्या कार्डाच्या मागची बाजू कोरीच असते, तिथे छापा.

कस्टमर केअरशी तीन दिवस झटापट झाल्यावर ("सर, विंडोज रिसेट करून बघितलं का?") एक सर्व्हिस इंजिनिअर आला. पोरगा चांगला होता, घामाघूम झालेला. त्याने पट्टी बदलली, बटण दाबलं, विंडोज दिसलं.

"झालं काका. ओटीपी सांगा."

"रीडिंग?" बाबा म्हणाले.

त्याला आणखी चार कॉल होते. बाबांनी त्याला चहा दिला, पोहे दिले, ओटीपी दिला नाही. "तुझा नंबर ठेवून जा. सकाळी कळवतो." रात्रभर मेमटेस्ट चालला. सकाळी चार पास पूर्ण, चुका शून्य. बाबांनी तारीख, वेळ, पट्टीचा सीरियल नंबर आणि ते शून्य एका कागदावर लिहिलं, खाली सही केली, आणि तो कागद हिरव्या स्टिकरवर बरोब्बर झाकेल असा चिकटवला. मग त्या पोराला फोन लावून ओटीपी सांगितला.