रसाचा ग्लास की भाजीची वाटी?

सकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी दुधी, कारलं, गाजर, बीट यांच्या रसाची गाडी लागणं आता तालुक्याच्या गावालाही नवं राहिलेलं नाही. घरोघरी मिक्सर आहेतच. ‘भाजी शिजवली की सत्त्व जातं, रसात मात्र सगळं मिळतं’ असं ठासून सांगितलं जातं. खरंच तसं आहे का?

जून २०२४ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने कंपन्यांना ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा वेष्टनांवरून आणि जाहिरातींतून काढून टाकायला सांगितलं. आटवलेल्या रसात पाणी घालून तयार केलेल्या पेयाला शंभर टक्के रस कसं म्हणायचं, हा मुद्दा होता. आदेश फळांच्या रसाबद्दल होता, पण रस म्हणजे आरोग्य हे समीकरण तपासायला तो चांगलं निमित्त ठरतो.

आपली साधी फरसबी, म्हणजे श्रावणघेवडाच घ्या. शिजवलेल्या फरसबीच्या सव्वाशे ग्रॅमच्या वाटीत सुमारे ४ ग्रॅम चोथा, म्हणजे तंतुमय भाग असतो. डबाबंद मिश्र भाज्यांच्या ग्लासभर रसात तो २ ग्रॅमही भरत नाही. घरच्या रसाचंही तेच. शंभर ग्रॅम गाजरात जवळपास ३ ग्रॅम चोथा असतो. रस गाळून घेतला की त्यातला बराचसा गाळणीत राहतो. पोट साफ ठेवणारा, साखर हळूहळू रक्तात सोडणारा हाच तो चोथा! शिवाय डबाबंद रसात बहुतेकदा मीठ असतं. घरात रक्तदाबाचा त्रास असेल तर ते पाहायलाच हवं.

रसाची बाजूही खोटी नाही. उष्णतेने क जीवनसत्त्व कमी होतं, काही पाण्यात उतरतं. पण त्यावर उपाय सोपा आहे. भाजी धुऊन मग चिरा, थोड्या पाण्यात झाकण ठेवून शिजवा, ते पाणी फेकू नका आणि वाढताना लिंबू पिळा. उलट गाजरातलं केरोटीन शिजवून, थोड्या तेलासोबत खाल्लं तर अंगी जास्त लागतं. फरसबी तर कच्ची खाऊच नये. तिच्यातला लेक्टिन हा त्रासदायक घटक शिजवल्यावरच निष्प्रभ होतो.

आता आपल्या जिव्हाळ्याचा प्रश्न, रक्त कमी असण्याचा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. अशा बाईला पहिला सल्ला मिळतो तो बीटाच्या रसाचा. पण लाल रंग म्हणजे लोह नव्हे. शंभर ग्रॅम बीटात लोह १ मिलिग्रॅमपेक्षा कमी, फरसबीतही तेवढंच. प्रौढ स्त्रीची गरज मात्र दिवसाला २९ मिलिग्रॅमची. तेव्हा रसाच्या भरवशावर डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या बंद करू नका. पालेभाजी, कडधान्यं, बाजरी, नाचणी आणि सोबत लिंबू किंवा आवळा हे रोजच्या जेवणात हवंच.

आणखी एक जपायचं. दुधीचा रस करण्याआधी फोडीची चव घ्या. कडू लागली तर तो दुधी टाकून द्या. कडू दुधीच्या रसाने विषबाधा होऊन माणसं दगावली आहेत.

रस पिऊच नये असं नाही. गाळला नाही, मीठ-साखर घातली नाही, तर अधूनमधून जरूर घ्या. पण तो भाजीच्या जागी नको. मे २०२४ मध्ये राष्ट्रीय पोषण संस्थेने दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार निम्मं ताट भाज्या आणि फळांचं असावं. आपल्याकडे सगळ्यांची जेवणं होईपर्यंत कढईत उरतो तो रस्सा! तेव्हा मैत्रिणींनो, महागडा ज्यूसर घेण्याआधी एक बिनखर्चाचं काम करा. भाजी झाली की आपली वाटी आधी बाजूला काढून ठेवा.