दाढेतली चांदी आणि आपली मासळी

मच्छीमार बंधू-भगिनींनो,

किडलेल्या दाढेत जी 'चांदी' भरतात, तिच्यात जवळजवळ अर्धा पारा असतो. जुनी चांदी कोरून काढली की चुरा चूळ भरताना बेसिनमध्ये, तिथून गटारात आणि पुढे खाडीत जाऊ शकतो. गाळातले जीवाणू पाऱ्याचं आणखी विषारी रूप करतात. ते लहान मासळीतून मोठ्या मासळीत साठत जातं, मोरीत तर जास्तच.

जपानात मिनामाता इथे १९५६ साली हा आजार उघड झाला. पारा कारखान्याचा होता, पण भोगलं मासळीवर जगणाऱ्या कुटुंबांनी. दवाखान्यातला पारा त्या मानाने थोडा, पण तो नाहीसा होत नाही.

हा चुरा अडवणारं यंत्र मिळतं. अमेरिकेने २०१७ मध्ये त्याची सक्ती केली. युरोपियन संघाने तर २०२५ पासून ही चांदीच जवळपास बंद केली. मग आपल्याकडे पंचायत-पालिकेने दातांच्या दवाखान्याला परवाना देताना हे यंत्र आहे का, एवढं तरी बघायला नको?

आपणही दात दाखवायला गेलो की डॉक्टरांना नीट विचारूया, "चुरा कुठे जातो?" उद्या मासळीत पारा सापडला तर दवाखान्याला कोण विचारणार? गिऱ्हाईक आपल्याच पाटीकडे पाठ फिरवणार.

- सचिव