स्वारांच्या जिवावर कोणाचा धंदा?

मोटारसायकल शर्यतींच्या जागतिक स्पर्धेत पैशाला तोटा नाही. मूठभर अव्वल स्वार सोडले तर तो इतरांपर्यंत पोचत नाही, हे खरे दुखणे आहे. १९७९ साली केनी रॉबर्ट्‌स प्रभृतींनी अपुरी बक्षिसे आणि जीवघेणे मार्ग यांविरुद्ध बंड पुकारून स्वतंत्र स्पर्धामालिका जाहीर केली. धावमार्ग न मिळाल्याने ती उभी राहिली नाही. पण आंतरराष्ट्रीय महासंघाला बक्षिसांच्या रकमा वाढवणे भाग पडले.

पुढे तंबाखू कंपन्यांनी थैल्या मोकळ्या सोडल्या. युरोपीय संघाच्या २००५ च्या जाहिरातबंदीने तो ओघ आटला, आणि तो आटायलाच हवा होता. परंतु कारखानदारही बेभरवशाचे निघाले. २०२० चे अजिंक्यपद मिळवून देणाऱ्या सुझुकीने, करार २०२६ पर्यंतचा असताना, २०२२ अखेर काढता पाय घेतला.

२०२४ मध्ये अमेरिकेच्या लिबर्टी मीडिया कंपनीने या शर्यती विकत घेण्याचा करार केला, तेव्हा धंद्याचे मोल ४२० कोटी युरो ठरले. आणि त्याच धंद्याच्या खालच्या वर्गांत होतकरू मुले घरची पुंजी अथवा स्वतः मिळवलेल्या प्रायोजकांचा पैसा संघमालकाच्या हाती ठेवून शर्यतीत उतरत आली आहेत. वेतन दूरच, जीव धोक्यात घालण्याचे भाडे! नव्या मालकांनी ही प्रथा प्रथम बंद करावी आणि मोबदल्याचे दर स्वारांच्या प्रतिनिधींशी बोलणी करूनच ठरवावेत.