गुळगुळीतपणाचा दोष

आमच्या चेतकबद्दल घरात क्वचित होतं तसं एकमत होतं: घालवा. ती १९८८ साली आली. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे ते दिवस. नंबर वडिलांनी लावला होता; स्कूटर दारात उभी राहिली तेव्हा ते नव्हते. अशी वस्तू भंगारवाल्याच्या काट्यावर चढवायला हात होत नाही.

दहा-बारा किका मारल्याशिवाय ती बोलेना. किक पायाखाली पोकळ लागे, चढावर दम टाकी. म्हणजे इंजिन दाब धरत नव्हतं. पिस्टनच्या खाचांत बिडाच्या दोन कड्या असतात, त्या रिंगा झिजल्या होत्या. (धुरावरून अंदाज करू नये. टू-स्ट्रोक गाडी तेल जाळतेच, धूर टाकतेच.) निवृत्त माणसाला वेळ असतो. म्हटलं, घरीच बदलू.

उजव्या अंगाचं झाकण आणि हेडचे चार नट निघाले. पण सिलिंडर ओढून काढायला मागचा शॉक ॲब्सॉर्बर सोडून इंजिन खाली झुकवावं लागतं, हे कळायला मला एक सकाळ लागली. पहिली नवी रिंग बसवतानाच मोडली. बीड वाकत नाही, तुटतं. शिवाय टू-स्ट्रोकमध्ये खाचेत बारीक पिन असते. रिंगेचं तोंड नेमकं तिथंच यावं लागतं. नाहीतर ते सिलिंडरच्या खिडकीत अडकून मोडतं.

सिलिंडर मात्र आतून आरशासारखा चमकत होता. मी खूश झालो, आणि लगेच १९९१ साल आठवलं.

तेव्हा मी कोल्हापुरात उद्यमनगरच्या शाखेत होतो. एक मिस्त्री बोरिंग-होनिंगच्या यंत्रासाठी कर्ज मागायला आला. कागद फारसे नव्हते. पिशवीतून त्यानं दोन सिलिंडर काढून टेबलावर ठेवले. ‘सायेब, बोट फिरवा. चांगला कुठला?’ मी अर्थातच चकचकीत दाखवला. तो हसला. ‘त्योच गेलेला हाय. गुळगुळीत भितीला त्याल ऱ्हात न्हाई.’ दुसऱ्यात बारीक, एकमेकांना छेदणारे तिरपे चरे होते. त्या चऱ्यांत तेल थांबतं आणि नव्या रिंगा त्यांवर घासून आपली जागा धरतात. होनिंग म्हणजे गुळगुळीत करणं नव्हे, नेमकं खरबरीत करणं.

मी त्याच्या अर्जावर ‘तारण अपुरे’ लिहिलं. नियमात वाट नव्हती असं नाही. मी ती शोधली नाही. त्याच वर्षी ज्यांच्या फाइली चकचकीत होत्या, त्यांना कर्जं मिळाली. त्यांतली काही मीच पुढं बुडीत खात्यात नोंदवली. तारणाशिवायच्या लघुउद्योग-कर्जांना हमी देणारी योजना २००० साली आली, मुद्रा २०१५ साली. यंत्राला तोवर कोण थांबतो?

असो. ड्रिलला लावायचं तीन दगडांचं होन मिळतं, पण खिडक्यांच्या सिलिंडरात त्याचे दगड अडकू शकतात. म्हणून गोळ्यांचा ब्रश मागवला. पातळ तेल सोडत, ड्रिल सावकाश ठेवून, ब्रश एकसारखा वर-खाली केला. चरे उमटले. मग गरम पाणी आणि साबण, पांढरं फडकं पांढरंच निघेपर्यंत. राहिलेली कचकच नव्या रिंगा खाऊन टाकते. हे धुणं मी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये केलं. त्यावर घरात जे झालं ते इथं लिहीत नाही. धुतल्यावर लगेच तेलाचा हात, नाहीतर बीड गंजतं.

पण होनिंगनं झीज भरून येत नाही. ती मोजायची युक्ती बँकवाल्याला आवडेल अशी आहे. नवी रिंग सिलिंडरात तळाशी सरळ बसवून तिच्या तोंडाची फट मोजायची, मग वर मोजायची. दोहोंतल्या फरकाला ३.१४ नं भागलं की व्यासातला फरक मिळतो. माझी फट खाली पाव मिलिमीटर, वर अर्धा. म्हणजे वरचा व्यास ०.०८ मिलिमीटरनं वाढलेला. बोअर करून मोठा पिस्टन घालावा की चालवून घ्यावं? हा निर्णय पुस्तकातून होईना.

सिलिंडर पिशवीत घालून उद्यमनगरला गेलो. दुकान तिथंच होतं, यंत्रावर त्याचा मुलगा होता. यंत्र मिस्त्रीनं बायकोचे दागिने मोडून घेतलं होतं, हे मुलानंच सहज सांगितलं. म्हातारा खुर्चीत बसून होता. त्यानं सिलिंडरात बोट फिरवलं, उजेडाकडं धरून पाहिलं.

‘चरं बरं पाडल्यात. बोअर नगं. ह्या रिंगांवर निघंल अजून. पयलं पाश्शे किलोमीटर दामटू नका.’

मी पैसे किती विचारलं. त्यानं बराच वेळ माझ्या तोंडाकडं पाहिलं.

‘ऱ्हाऊ द्या सायेब. तारण तेवढं ठेवून जावा.’

मुलगा हसला. मला हसता आलं नाही.