अर्धा पैसा सरकारचा, अर्धा आपला : लष्करी परीक्षणाचा प्रस्ताव लिहिताना

गेल्या महिन्यात आमचा एक जुना विद्यार्थी घरी आला. हातात फाइल, मागे त्याचे अब्बा. पोरगा इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. दोन मित्रांना सोबत घेऊन त्याने अवजड वाहनाच्या बॅटरीवर नजर ठेवणारी एक छोटी पेटी तयार केली आहे. बॅटरी कधी दगा देणार, हे ती आधीच सांगते. अब्बांचं एमआयडीसीत लेथचं छोटं वर्कशॉप आहे. संरक्षण मंत्रालयाच्या 'आयडेक्स' योजनेत प्रस्ताव टाकायचा होता आणि "सर, जरा भाषा बघून द्या" एवढंच काम होतं. आम्ही भाषा बघायला बसलो आणि हिशोबातच अडकलो.

आमचं गाव अहिल्यानगर, ज्याला आम्ही अजून नगरच म्हणतो. इथे रणगाड्यांचं प्रशिक्षण केंद्र आहे, डीआरडीओची वाहन संशोधन संस्था 'व्हीआरडीई' आहे, के. के. रेंजवर सराव चालू असला की तोफांचा आवाज दूरपर्यंत ऐकू येतो. आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांना हा आवाज लहानपणापासून ओळखीचा. पण त्या कुंपणाच्या आत आपल्या वर्कशॉपमधली वस्तू जाऊ शकते, हे कुणाच्या डोक्यात कधी आलं नाही. आता ते शक्य झालं आहे, ही बातमी चांगलीच आहे. मात्र जाहिरातीत जे छापतात ते अर्धंच असतं. बाकीचं अर्धं वाचकांपुढे ठेवावं म्हणून हा लेख.

आयडेक्स एप्रिल २०१८ मध्ये चेन्नईच्या डिफेन्स एक्स्पोमध्ये सुरू झाली. भूदल, नौदल, वायुदल आपल्या अडचणी जाहीर करतात आणि स्टार्टअप, लघुउद्योग किंवा एकटा संशोधकही त्यावर तोडगा सुचवू शकतो. निवड झाली तर नमुना बनवण्यासाठी दीड कोटी रुपयांपर्यंत अनुदान. पुढे 'आयडेक्स प्राइम'मध्ये ही मर्यादा १० कोटींवर गेली आणि २०२४ च्या 'अदिती' योजनेत २५ कोटींवर. आकडे ऐकले की घरात लगेच मिठाईची भाषा सुरू होते. पण अनुदान एकरकमी हातात पडत नाही. काम जसं पुढे सरकेल तसं टप्प्याटप्प्याने मिळतं. आणि जेवढं सरकार घालणार, तेवढंच अर्जदारानेही घालायचं असतं. म्हणजे हा संयुक्त कार्यक्रम आहे, आणि संयुक्त या शब्दात आपलाही खिसा येतो. या मुलाच्या फाइलमध्ये आपल्या वाट्याच्या रकमेपुढे लिहिलं होतं : वर्कशॉपचे कागद तारण ठेवून. अब्बांना हे आमच्या बैठकीतच पहिल्यांदा कळलं. बराच वेळ कुणी बोललं नाही.

आता मुख्य मुद्दा. प्रस्तावात सगळ्यात लहान ओळ होती 'परीक्षण व प्रमाणन' आणि तिच्यापुढे एक गोल आकडा. तो कुठून आणला विचारलं तर म्हणाला, "सर, अंदाजे." मग त्याला दोन प्रयोगशाळांकडून कोटेशन मागवायला लावलं. खरा खर्च तिप्पट निघाला.

असं का होतं हे समजून घ्यायला लष्करी परीक्षण म्हणजे काय ते पाहावं लागेल. दुकानात विकायची पेटी चालते की नाही एवढंच गिऱ्हाईक बघतो. लष्कराची पेटी जैसलमेरच्या उन्हात चालली पाहिजे, सियाचीनच्या थंडीतही चालली पाहिजे. आपल्याकडे लष्करी इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी 'जेएसएस ५५५५५' नावाचं मानक आहे. त्यात उष्णता, थंडी, दमटपणा, धूळ, जोराचा पाऊस, खारी हवा, कंपनं, आदळआपट, उंचावरची विरळ हवा अशा एकेक कसोट्या आहेत. अमेरिकेचं 'मिल-स्टँडर्ड ८१०' साधारण त्याच जातीचं. याशिवाय विद्युतचुंबकीय परीक्षण वेगळं. तुमच्या पेटीतून निघणाऱ्या लहरींनी गाडीतला वायरलेस सेट बिघडता कामा नये आणि वायरलेसमुळे तुमची पेटीही वेडी होता कामा नये. त्यासाठी बाहेरच्या लहरी आत येऊ न देणारी खास खोली लागते. ती काही लेथच्या वर्कशॉपमध्ये उभी राहत नाही. तासाच्या भाड्याने घ्यावी लागते.

आणि पेटी नापास झाली तर? चुकीचा भाग बदलायचा आणि परीक्षण पुन्हा द्यायचं. बदल मोठा असेल तर आधी पास झालेल्या कसोट्याही परत द्याव्या लागू शकतात. आम्ही दहावीच्या मुलांना सांगतो की एक विषय राहिला तर तेवढाच पुन्हा द्या. इथे एटीकेटी इतकी स्वस्त नाही. मुलाच्या हिशोबात दुसऱ्या प्रयत्नासाठी एक रुपया नव्हता. जणू पहिल्याच फटक्यात सगळं पास होणार. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम ज्या एसएलव्ही-३ चे प्रकल्प संचालक होते, तो अग्निबाण १० ऑगस्ट १९७९ च्या पहिल्या उड्डाणात कोसळला आणि १८ जुलै १९८० ला यशस्वी झाला. तिथे अकरा महिने थांबायला देशाचा खजिना मागे होता. आपल्या पोरामागे अब्बांचं वर्कशॉप आहे, तेही तारण. म्हणून दुसऱ्या परीक्षणाचा खर्च पहिल्याच प्रस्तावात लिहिलेला हवा. लाजायचं काही कारण नाही. परीक्षकालाही तो हिशोब खरा वाटतो.

परीक्षण करायचं कुठे, हा प्रश्न सरकारलाही पडला होता. मे २०२० मध्ये संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी संरक्षण परीक्षण पायाभूत सुविधा योजना मंजूर केली. ४०० कोटींची तरतूद, पाच वर्षांची मुदत, सहा ते आठ परीक्षण केंद्रं. उभारणीचा ७५ टक्क्यांपर्यंत खर्च केंद्राचा, उरलेला २५ टक्के खाजगी कंपन्या व राज्य सरकारांनी मिळून स्थापन केलेल्या खास कंपनीचा. इथेही संयुक्तच. पण केंद्रं कुठे मंजूर झाली? सात केंद्रांपैकी चार तामिळनाडूत आणि तीन उत्तर प्रदेशात. कारण २०१८ च्या अर्थसंकल्पातले दोन संरक्षण कॉरिडॉर याच दोन राज्यांत आहेत. योजना फक्त कॉरिडॉरपुरती नव्हती, तरी झुकाव तिकडेच गेला. जुलै २०२४ मध्ये तामिळनाडूतल्या तीन केंद्रांचे करार झाले : मानवरहित विमानं, इलेक्ट्रॉनिक युद्ध आणि इलेक्ट्रो-ऑप्टिक्स. उत्तर प्रदेशच्या कॉरिडॉरमध्ये अलीगढही आहे. कुलपांसाठी ओळखलं जाणारं ते शहर, तिथल्या कारागिरांना याचा किती फायदा होतो हे आम्ही उत्सुकतेने पाहतो आहोत.

महाराष्ट्राची गोष्ट उलटी आहे. पुण्याच्या पाषाण-दिघीत डीआरडीओच्या मोठ्या प्रयोगशाळा आहेत, नगरला व्हीआरडीई, खडकी, अंबरनाथ, भुसावळ, वरणगाव, भद्रावतीला आयुध निर्माणी, ओझरला एचएएल. ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकच्या त्याच कारखान्यातून तेजस मार्क-१ए विमानाने पहिलं उड्डाण केलं. म्हणजे जुनी सोय आपल्याकडे भरपूर. सरकारी परीक्षण सोयी खाजगी उद्योगांना खुल्याही केल्या आहेत. पण ज्यांची प्रयोगशाळा, त्यांचं काम आधी, हे ओघानेच आलं. लहान माणसाने प्रस्तावात तारखा लिहिताना रांगेत थांबण्याचे महिने धरावेत. आणि नवी केंद्रं वापरशुल्कातून स्वतःचा खर्च भागवणार आहेत, त्यामुळे तिथे फुकट काही मिळेल या भ्रमात राहू नये.

सगळ्यात कडू गोष्ट पुढची. परीक्षण पास होणं म्हणजे ऑर्डर मिळणं नव्हे. लष्करी खरेदीत विक्रेत्याने स्वतःच्या खर्चाने सामान चाचणीला आणायचं आणि लष्कराने ते घेण्याचं बंधन मानायचं नाही, ही पद्धत जुनी आहे. आयडेक्सचे आकडे बघा. फेब्रुवारी २०२५ पर्यंत ४३० करार झाले होते. त्याच सुमारास खरेदी झालेल्या वस्तू होत्या ४३, किंमत २,४०० कोटींवर. आता न्यायाने बोलायचं तर बरेच करार अजून चालू आहेत, उद्या त्यातूनही खरेदी होईल. तरी आज दहाला एक असं दिसतं. ज्याची निवड झाली त्याचं भलं झालं, मोठंच भलं झालं. बाकीच्यांनी तोवर काय खायचं? म्हणून आम्ही मुलाला विचारलं, ही पेटी लष्कराने नाही घेतली तर कोण घेईल? थोडा विचार करून म्हणाला, "एसटी घेऊ शकते सर, ट्रकवाले घेतील." मग हे प्रस्तावात का नाही? लिहायला लावलं.

तीन मित्रांची भागीदारीही तोंडी होती. "आपले भाईच आहेत" म्हणे. ब्रह्मोसचा करार १२ फेब्रुवारी १९९८ ला झाला, भारतातर्फे सही कलामसाहेबांची. त्यात भारताचा हिस्सा ५०.५ टक्के, रशियाचा ४९.५. इतकी जुनी दोस्ती असलेल्या देशांनी अर्धा टक्कासुद्धा कागदावर मांडला, त्यानंतर १२ जून २००१ ला चांदीपूरहून पहिली चाचणी झाली. आणि आपण भाईचारा आहे म्हणून स्टॅम्पपेपरचे पैसे वाचवतो. उधार-उसनवारीसुद्धा लिहून ठेवा ही आपल्याला मिळालेली तालीम आहे, तिचा विसर व्यवहारातच का पडतो कळत नाही. तिघांपैकी एकाला उद्या पुण्यात नोकरी लागली तर पेटीचं डिझाइन कुणाचं? याचं उत्तर अर्ज पाठवण्याआधी हवं.

या बैठकीत अब्बांनी दोन गोष्टी विचारल्या, दोन्ही सरळ. पहिली : "मास्तरसाहेब, आपलं नाव बघून फाइल बाजूला तर नाही ना टाकणार?" आम्ही खोटा दिलासा दिला नाही. ही भीती हवेतून आलेली नाही. मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाल्याचं संसदेत सांगितलं गेलं, तेव्हा संशोधनाची स्वप्नं बघणाऱ्या आमच्याच दोन विद्यार्थिनींचे चेहरे आम्ही पाहिले आहेत. पण आयडेक्सची पात्रता कंपनीची नोंदणी, मालकी आणि तंत्र यावर मोजली जाते. आपल्या हातात आहे ते एवढंच की नाकारायला कागदाचं कारण मिळू नये. या फाइलमध्ये उद्यम नोंदणीवर एक पत्ता होता आणि पॅनवर दुसरा. हे आपलंच काम, ते आपणच नीट करायचं. आणि कुणी एजंट "फाइल पास करून देतो" म्हणत आगाऊ पैसे मागत असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवावं. या मुलाकडून एकाने आधीच काही हजार नेले आहेत आणि बदल्यात इंटरनेटवरून उचललेली चार पानं दिली आहेत.

दुसरा प्रश्न जड होता. "याने कुणाचा जीव तर जाणार नाही?" पेटी बॅटरीची आहे, बंदुकीची नाही, असं मुलगा म्हणाला. अब्बांचं समाधान झालं नाही आणि खरं सांगायचं तर आमचंही पूर्ण झालं नाही. गाडी लष्कराची आहे तर तिच्यात काय भरलेलं असेल हे पेटी बनवणारा ठरवत नाही. देशाच्या सीमेवर उभा असलेला जवान बंद पडलेल्या गाडीत अडकू नये, हेही तितकंच खरं. यावर घराघरात मतं वेगळी असतील. ती बोलून घ्यावीत, ज्या आलिमांवर भरवसा आहे त्यांना विचारावं. कर्ज झाल्यावर हा प्रश्न विचारण्यापेक्षा आधी विचारलेला बरा.

शेवटी प्रस्ताव चार रात्री बसून नव्याने लिहिला. परीक्षणाच्या एका ओळीचं पाऊण पान झालं : कोणती कसोटी, कुठल्या प्रयोगशाळेत, किती दिवस, नापास झाल्यास काय. एकूण रक्कम वाढली, म्हणून पेटीतली दोन कामं पुढच्या टप्प्यावर ढकलली आणि आपला वाटा कमी केला. अब्बांनी वर्कशॉपचे कागद द्यायला नकार दिला. संध्याकाळी सहानंतर लेथ वापरायला दिलं आहे, पेटीचं बाहेरचं आवरण तिथेच बनेल. आपल्या वाट्याच्या रकमेत अजून दोन लाख कमी आहेत. अर्जाची मुदत संपायला एकवीस दिवस उरले आहेत.