स्तनाच्या गाठींसाठी मायक्रोवेव्ह ॲब्लेशन: आधी बायोप्सी, मग सुई

मायक्रोवेव्ह ॲब्लेशनमध्ये सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत सुईसारखा अँटेना गाठीच्या मध्यभागी नेतात. ९१५ मेगाहर्ट्‌झ किंवा २.४५ गिगाहर्ट्‌झच्या लहरींनी पेशींतले पाण्याचे रेणू ढवळले जातात आणि तापमान ६० अंश सेल्सिअसच्या वर गेले की प्रथिने गोठून पेशी मरतात. भोवतालच्या चरबीपेक्षा गाठीत पाणी जास्त असल्याने तीच आधी तापते. स्थानिक भूल बहुधा पुरते. कसब लागते ते त्वचा आणि छातीचा स्नायू वाचवताना. गाठ त्वचेला खेटून असेल तर मध्ये सलाईन सोडतात. त्याची काळी पट्टी पडद्यावर स्वच्छ दिसल्याखेरीज यंत्र सुरू करू नये. तापताच बुडबुड्यांचा पांढरा पडदा गाठ झाकून टाकतो, मग अँटेनाची जागा सुधारणे अवघड होते.

फायब्रोअडिनोमासाठी, म्हणजे कर्करोग नसलेल्या गाठीसाठी, हा उपचार सर्वांत निर्धास्तपणे सुचवता येतो. मात्र मेलेली गाठ हाताला बरेच महिने लागत राहते, हे रुग्णाला आधीच सांगावे.

कर्करोगात हात आखडता हवा. चीनमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४१ रुग्णांवर ॲब्लेशन करून लगेच शस्त्रक्रिया झाली. ३७ जणींची गाठ पूर्ण मेलेली आढळली. उरलेल्या चौघींची गाठ पूर्ण मेली नव्हती, हे ती कापून तपासल्यामुळेच कळले. नुसते ॲब्लेशन केले तर कडा तपासायला काही हाती राहत नाही. म्हणून ईआर, पीआर आणि हर-२ या रिसेप्टरांचे अहवाल कोअर बायोप्सीवरच आधी मिळवले पाहिजेत, आणि काखेतील ग्रंथींचा निर्णय वेगळा घ्यावा लागतो.

कराड-मिरजेत यंत्र आणणे सोपे, त्याजोगी लहान गाठ वेळेत सापडणे अवघड. ॲब्लेशनच्याच दुसऱ्या, गाठ गोठवण्याच्या पद्धतीचा अमेरिकेतील आइस-३ अभ्यासही साठीपुढच्या स्त्रियांच्या दीड सेंटीमीटरपर्यंतच्या, कमी जोखमीच्या गाठींपुरता होता. माण, खटाव, जतकडून येणारी गाठ सहसा एवढी लहान नसते, कारण ती डोळ्यांना दिसू लागल्यावरच डॉक्टरला दाखवली जाते. मुंबईच्या वस्त्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने केलेल्या तपासणीमुळे रोग लवकरच्या टप्प्यात सापडला. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. अशी तपासणी सातारा-सांगलीच्या उपकेंद्रांत नेमाने होऊ लागली, तरच ॲब्लेशनजोग्या कर्करोगाच्या गाठी इथल्या सोनोग्राफीच्या टेबलावर येतील.