पुढच्या चाकामागचा 'खट्' आवाज

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत अम्मींना डोळ्यांच्या तपासणीसाठी मिरजेला न्यायचे होते. जतकरांना मोठा दवाखाना म्हटला की मिरज नाहीतर विजापूर. आमच्या घरी जुनी मारुती ८०० आहे आणि ती मीच चालवते. त्या दिवसांत स्पीडब्रेकर आला किंवा खड्डा लागला की पुढून डाव्या बाजूने 'खट्' असा आवाज यायचा. एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी बोनेट दोन-तीनदा दाबून पाहिले, "शॉकअप गेलेत" म्हणाले आणि दोन्ही बदलले. बिल देऊन गाडी घरी आणली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच 'खट्'.

तशीच गाडी घेऊन आम्ही मिरजेला गेलो. अम्मींचा नंबर यायला वेळ होता, म्हणून जवळच्या गॅरेजमध्ये गेले. तिथल्या वयस्कर चाचांनी चाक उचलले, खाली पहार घातली आणि जरासे दाबले. "बाई, इकडे बघा," म्हणाले. चाकाच्या खालच्या टोकाला असलेला एक सांधा सैल दातासारखा हलत होता. "शॉकअप नवे आहेत, त्यात काही नाही. हा बॉल जॉइंट आहे. हा निसटला असता तर चाक फाकलं असतं आणि गाडी जागेवर बसली असती."

मागच्या सीटवर अम्मी बसून आल्या होत्या. तो विचार मनात आला आणि पायातले बळ गेले. राग आला तो पहिल्या गॅरेजवाल्यापेक्षा स्वतःचाच. मी शाळेत दोन भाषा शिकवते, मुलांकडून शब्दार्थ पाठ करून घेते. पण रोज जिच्यातून फिरते त्या गाडीच्या चाकामागच्या एकाही भागाचे नाव मला येत नव्हते. नाव येत नव्हते म्हणून "शॉकअपच कशावरून?" एवढा साधा प्रश्नही विचारता आला नाही. चाचांकडून त्या दिवशी जे शिकले, ते आज तुमच्यासमोर ठेवते.

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. आपल्या भागात ती अजून खूप घरांत आहे. तिच्या पुढच्या चाकामागची रचना आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांतही साधारण तशीच असते, त्यामुळे एक ओळखली की बाकीच्या ओळखता येतात.

चाकामागे काय दिसते?

गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा. इंजिन बंद करण्याआधी स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून ठेवा. आता मोबाइलचा टॉर्च लावून वळलेल्या चाकामागे पाहा.

उभी दिसते ती स्प्रिंग आणि तिच्या आतली नळी. ही नळी म्हणजे शॉकअप. दोन्ही मिळून स्ट्रट म्हणतात. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याच्या नावावरून या रचनेला मॅकफर्सन स्ट्रट हे नाव पडले. तिचे वरचे टोक बोनेटखाली गाडीच्या बॉडीला धरलेले असते. तिथे रबरी माउंटिंग असते. शॉकअप गेला की नळीवर तेल ओघळलेले दिसते आणि खड्ड्यानंतर गाडी उगाच झुलत राहते. उभ्या गाडीत स्टेअरिंग वळवताना वरून कुरकुर आली, तर माउंटिंग तपासायला सांगा.

स्ट्रटचे खालचे टोक ज्या जाड ओतीव लोखंडाला बोल्टने जोडलेले असते, तो नकल. चाक, ब्रेक, स्टेअरिंग सगळे येऊन मिळते ते याच भागाला.

नकलच्या तळापासून गाडीच्या मध्याकडे आडवा जातो तो लोअर आर्म. त्याच्या आतल्या टोकाला रबरी बुश आणि बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट असतो. आपल्या खांद्याच्या सांध्यासारखा: वाटीत गोळा. चाक वर-खाली होते आणि डावी-उजवीकडे वळते, ते या सांध्यावर. त्यावर काळी रबरी टोपी असते. ती फाटली की ग्रीस बाहेर जाते, धूळ आत येते आणि सांधा झिजू लागतो. आपल्याकडच्या धुळीत तर फारच लवकर.

पुढून एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत वाकलेली लांब सळई जाते, ती स्टॅबिलायझर बार. वळणावर गाडीला झुकू न देणे हे तिचे काम. ८०० मध्ये लोअर आर्मला पुढे-मागे सरकू न देण्याचे कामही तीच करते. म्हणून तिचे बुश झिजले की ब्रेक मारताना धप्प आवाज येतो किंवा गाडी एका बाजूला ओढते.

आता स्टेअरिंगचे भाग. स्टेअरिंगचा दांडा खाली एका आडव्या रॅकला मिळतो. रॅकच्या दोन्ही टोकांना घड्या-घड्यांचे रबर असते. त्यातून बारीक टाय रॉड बाहेर येतो आणि त्याच्या शेवटी टाय रॉड एंड असतो. हाही वाटी-गोळ्याचाच सांधा, म्हणून लोक याला आणि बॉल जॉइंटला एकच समजतात. खूण सोपी आहे: बारीक दांड्याच्या टोकाला, जवळच आटे आणि लॉकनट दिसतो तो टाय रॉड एंड, रुंद आर्मच्या टोकाला, नकलच्या तळाशी असतो तो बॉल जॉइंट.

आणखी एक गोंधळ होतो. चाकाच्या बरोबर मध्यात जाणारा जाड गोल दांडा म्हणजे एक्सल. त्यालाही घड्यांचे रबर असते. पण एक्सल चाकाबरोबर फिरतो, टाय रॉड फिरत नाही. चालत्या गाडीत स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर 'कट्-कट्-कट्' आवाज आला, तर संशय एक्सलच्या जॉइंटवर घ्या.

हाताने तपासणी

ही गॅरेजमध्येच करून घ्या आणि स्वतः उभे राहून पाहा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. खाली स्टँड हवाच. मुलांना लांब ठेवा.

चाक हवेत उचलल्यावर घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून हलवायचे. प्ले जाणवला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. मग ३ आणि ९ च्या जागी धरून हलवायचे. इथे प्ले असेल तर टाय रॉड एंड किंवा रॅक. बेअरिंगचा प्ले मात्र दोन्हीकडे जाणवतो. कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा. बॉल जॉइंटची खात्री पहारेनेच होते, चाचांनी केली तशी.

कशासाठी थांबायचे नाही?

शॉकअप थकला, स्टॅबिलायझरचे बुश झिजले, तर गाडी हळू चालवून आठ-पंधरा दिवसांत काम करून घेता येते. पण बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंडमध्ये प्ले निघाला, तर पगाराची वाट पाहू नका. एक निसटला तर चाक फाकते, दुसरा निसटला तर हातात स्टेअरिंग राहते आणि ते चाक ऐकत नाही. असे दुखणे घेऊन विजापूर रस्त्यावर ट्रकांच्या मधून जाणे म्हणजे घरच्यांचा जीव पणाला लावणे.

गॅरेजमध्ये चार गोष्टी न लाजता सांगा. बदलण्याआधी दोष दाखवा. कोणती बाजू ते बिलात लिहा: ड्रायव्हर साइड की क्लीनर साइड. जुना भाग मला परत द्या. आणि टाय रॉड एंड बदलला तर अलाइनमेंट करा, नाहीतर नवे टायरही एका कडेने झिजतात.

जुनी गाडी विकतानाही हे लक्षात असू द्या. सांधा सैल आहे हे माहीत असून गप्प राहिलो, तर त्या सीटवर उद्या दुसऱ्या कोणाची तरी अम्मी बसणार आहे.

आमचा बॉल जॉइंट चाचांनी त्याच दिवशी बदलला. जुना मी मागून घेतला. शाळा सुरू झाल्यावर तो वर्गात नेला. मुलांनी हलवून पाहिला आणि नाव वहीत लिहून घेतले. एका मुलीने विचारले, "बाई, आमच्या अब्बांच्या गाडीचा पण असाच आवाज येतो. त्यांना काय सांगू?" मी म्हटले, "आज संध्याकाळीच दाखवायला सांग."